सर्व्हरवाचून जाल : एक आढावा

इनामगावापासून दौंडापर्यंतच्या टापूत, किंबहुना महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात, तलाठ्याच्या कचेरीच्या पायरीवर घटकाभर बसणाऱ्याच्या कानी एक वाक्य हमखास पडते, आणि ते म्हणजे ‘सर्व्हर डाऊन आहे’. पूर्वी ज्या ठिकाणी ‘भाऊसाहेब फिरतीवर आहेत’ हे उत्तर मिळे, त्या ठिकाणी आता हे उत्तर रुजू झाले असून, फिरतीवरचे भाऊसाहेब दिवेलागणीपर्यंत परततील अशी जी काही आशा तेव्हा असे, तीही या नव्या उत्तरात उरलेली नाही. ज्या जमिनीचा उतारा हवा ती जमीन हाकेच्या अंतरावर आहे, खातेदार समोर उभा आहे, नोंद घेणारा अधिकारी खुर्चीत बसलेला आहे, आणि तरीही दूरच्या कोठल्याशा यंत्रशाळेशी संधान जुळेपर्यंत या तिघांचा परस्परसंबंध कागदावर उतरत नाही, ही स्थिती इतकी अंगवळणी पडली आहे की, ती अपरिहार्य आहे काय, हा प्रश्नच कोणी विचारीनासे झाले आहे.

हा प्रश्न विचारणारा एक पंथ संगणकाच्या जगात गेली पंचवीस वर्षे आहे. मध्यवर्ती सर्व्हर नावाची वस्तू मुळात असण्याचे कारण नाही. ज्याच्याजवळ एखादे पान आहे त्याने ते मागणाऱ्या शेजाऱ्याला द्यावे, त्या शेजाऱ्याने पुढच्याला द्यावे, आणि वाचणारा प्रत्येक जण वाचता वाचताच त्या पानाचा वाटेकरीही व्हावा, असे या पंथाचे म्हणणे आहे. याच तत्त्वावर चालणारे ब्राउझर निघाले, गाजले, आणि त्यांतले बहुतेक मावळलेही. हा पंथ कोठून आला, त्याने काय साधले, कोठे अडखळला, आणि आपल्याकडील गावांना त्यातले काय घेण्याजोगे आहे, याचा परामर्श घेण्याची वेळ आता आली आहे, असे मला वाटते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत जालाची कल्पना मांडली तेव्हा, ज्याला काही प्रसिद्ध करावयाचे असेल त्याने आपल्या यंत्रावर आपला सर्व्हर चालवावा, अशी समजूत होती. आणि तत्त्वतः ती आजही खरी आहे. व्यवहारात मात्र, सर्व्हर अहोरात्र जागता ठेवण्याची यातायात सामान्य माणसास परवडेना, म्हणून ते काम मक्त्याने करणारे निघाले, मक्तेदारांतून थोडे मोठे झाले, आणि मोठ्यांतून तीन-चार अतिप्रचंड झाले. याचा परिणाम असा की, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी एका कंपनीच्या अंतर्गत रचनेत चूक झाली आणि फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम ही तिन्ही जगभर सुमारे सहा तास बंद पडली. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रात बिघाड झाला आणि त्याच्याशी दूरान्वयानेही संबंध न दिसणाऱ्या अनेक सेवा थांबल्या. पुढच्याच महिन्यात क्लाउडफ्लेअरची पाळी आली. एकाच गल्लीतल्या दोन घरांतील माणसे एकमेकांना पाठवितात तो ‘शुभ सकाळ’चा संदेशही आधी परदेशी कंपनीच्या यंत्राकडे जातो आणि मग भिंतीपलीकडे पोहोचतो.

या रचनेचे मूळ पत्त्याच्या कल्पनेत आहे. जालावरील पानाचा पत्ता हा त्या पानाचा नसतो, तर ते ज्या यंत्रावर ठेवले आहे त्या यंत्राचा असतो. यंत्र बंद पडले, मालकाने भाडे थकविले, किंवा हुकुमाने त्याचा मार्ग अडविला गेला, की पान जगात अन्यत्र शंभर ठिकाणी असले तरी त्या पत्त्यावर सापडत नाही.

साठा एका ठिकाणी ठेवावा की घरोघरी, या प्रश्नाचे एक पुरातन रूप इनामगावच्याच भूमीत पुरलेले होते. घोड नदीच्या काठी असलेल्या येथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नावे त्याचा बृहद् वृत्तांत १९८८ साली प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांच्या वस्तीत घरोघरी धान्याची पेवे आढळली, कणग्या ठेवण्याचे मातीचे गोल ओटे आढळले, आणि त्याच वेळी एका पाच खोल्यांच्या मोठ्या घराशेजारी धान्यकोठार असावे अशी वास्तूही आढळली. ते घर ग्रामप्रमुखाचे आणि ते कोठार सामायिक, असा उत्खननकर्त्यांचा तर्क आहे. म्हणजे घरचे पेव आणि गावचे कोठार ही दोन्ही एकाच वस्तीत नांदत होती. सर्व्हरवाद्यांचे जाल म्हणजे केवळ कोठार आणि नव्या पंथाचे जाल म्हणजे केवळ पेवे, असे म्हटले तर विषयाचा गाभा चटकन ध्यानी येतो. पण उपमा येथेच सोडून द्यावी लागते, कारण धान्य शेजाऱ्याला दिले की आपले उणे होते, आणि पानाची प्रत दिल्याने मूळ तसूभरही उणे होत नाही. वाटण्याने वाढणाऱ्या वस्तूसाठी कोठाराची सक्ती का असावी, हाच तर या पंथाचा आक्षेप आहे.

या पंथाचा इतिहास सांगताना गाण्यांच्या देवाणघेवाणीच्या नॅप्स्टरपासून आरंभ करण्याची प्रथा आहे. परंतु आपल्याकडील मंडळींनी त्याआधीच्या एका घटनेची याद ठेवावयास हवी. भारतातील एर्नेट हे शैक्षणिक जाळे १९८६–८७च्या सुमारास सुरू झाले तेव्हा त्यावर टपाल हीच काय ती सोय होती, आणि तीही साध्या दूरध्वनीच्या तारेवरून. मुंबईच्या एनसीएसटीसारख्या संस्थेतील यंत्राने आपल्याजवळ पत्रे साठवावीत, फोन लागला की पुढच्या यंत्राच्या हवाली करावीत, त्याने ती आणखी पुढे द्यावीत, अशी ती पद्धत होती. सतत जागे असलेले केंद्र तिला लागत नसे. दिवसातून एकदोनदा शेजाऱ्याची गाठ पडली तरी पुरे. मुंबई-दिल्ली अशी ९.६ किलोबिटांची पहिली कायमची तार १९९१ साली आली, १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांस खुले केले, आणि ‘साठवा व पुढे द्या’ ही जुनी रीत गरिबीचे लक्षण म्हणून विस्मृतीत गेली. नव्या पंथाने नंतर जे शोधून काढले त्यात या रीतीचा वाटा मोठा आहे.

नॅप्स्टर १९९९ साली निघाले आणि दोन वर्षांत न्यायालयाच्या हुकुमाने बंद झाले. गाणी लोकांच्या यंत्रांवर होती खरी, पण कोणते गाणे कोणाकडे आहे याची सूची एकाच ठिकाणी होती. ती बंद करताच सर्व व्यापार थांबला. यातून बोध घेऊन पुढच्यांनी सूचीचीही वाटणी केली. इयान क्लार्क यांचे फ्रीनेट २००० सालचे, ब्रॅम कोहेन यांचे बिटटॉरेंट २००१चे, आणि सूची सर्वांत विभागून ठेवण्याची कादेम्लिया ही रीत २००२ची. या तीन-चार वर्षांतच पंथाचा पाया घातला गेला. नंतरच्या बहुतेक रचना याच पायावरचे मजले आहेत.

या पंथाची कार्यपद्धती एका उदाहरणाने पाहू. समजा, इनामगावच्या उत्खननाचा तो वृत्तांत रीतसर परवानगीने स्कॅन करून एका धारिकेत ठेवला. त्या धारिकेवर एक ठरावीक गणिती क्रिया केली की चौसष्ट अक्षरांची एक ओळ निघते. धारिका शंभर वेळा तपासली तरी ती ओळ तीच निघते. पण चारशेव्या पानावरचा एक स्वल्पविराम जरी कोणी खोडला, तरी संपूर्ण ओळ पालटते. ही ओळ म्हणजे त्या मजकुराचा अंगठा, आणि नव्या जालात तीच त्याचा पत्ता. शिरूरच्या शाळेतील संगणकाने ‘या अंगठ्याचा मजकूर कोणाजवळ आहे?’ असे विचारावे. विचारणा हातोहात सरकत जाऊन ज्यांच्याजवळ प्रत आहे त्यांच्यापाशी पोहोचावी. न्हावऱ्याच्या ग्रंथालयाने त्याचे काही तुकडे द्यावेत, पुण्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने काही द्यावेत, लंडनमधल्या एखाद्या मराठी कुटुंबाने उरलेले द्यावेत. आणि घेणाऱ्याने प्रत्येक तुकड्याचा अंगठा स्वतः ताडून पाहावा. देणारा ओळखीचा असण्याची गरज नाही, विश्वासू असण्याचीही नाही. खोटा तुकडा घेणाऱ्याच्या हातातच उघडा पडतो. पान बदलते ठेवायचे असेल तर पत्ता म्हणून अंगठ्याऐवजी मालकाची सार्वजनिक किल्ली वापरतात, आणि मालकाच्या खासगी किल्लीने स्वाक्षरी केलेली सर्वांत ताजी आवृत्ती तीच खरी, असे सर्वांनी मानायचे असते.

हा अंगठ्याचा शोध किती मोलाचा आहे, हे मराठी वाचकाला महानुभावांच्या ग्रंथांकडे पाहून जितके कळेल तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकाने कळणार नाही. लीळाचरित्राची मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धाडीत नष्ट झाली, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. ग्रंथ वाचला, तो शिष्यांच्या स्मरणात आणि विखुरलेल्या प्रतींत होता म्हणून. परंतु पुन्हा सिद्ध झाला तो हिराइसा पाठ, परशरामबास पाठ, रामेश्वरबास पाठ अशा अनेक रूपांनी, आणि त्यांतले कोणते मुळाशी अधिक एकनिष्ठ यावर अभ्यासक आजतागायत झगडत आहेत. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळादी सांकेतिक लिप्यांत बंद केले, मठामठांतून त्यांच्या नकला ठेवल्या, आणि वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांच्या खटपटीने विसाव्या शतकाच्या प्रारंभी ती कुलुपे उघडेपर्यंत बाहेरच्या जगाला त्यांतले अक्षर कळले नाही. विखुरलेल्या प्रती आणि गुप्त लिपी ही नव्या जालाची दोन अंगे महाराष्ट्रात सहा-सातशे वर्षांपूर्वीच आचरणात होती. नव्हते ते तिसरे अंग, म्हणजे दोन प्रती तंतोतंत एक आहेत की नाहीत हे क्षणात ठरविणारे साधन. मात्र महानुभावांजवळ असे काही होते जे नव्या जालाजवळ अद्याप नाही, आणि त्याकडे मी लवकरच येणार आहे.

या पायावर उभे राहिलेले ब्राउझर पाहिले तर त्यांची कैफियत फारशी उत्साहवर्धक नाही. हंगेरीच्या तमाश कोचिश यांचे झीरोनेट २०१५चे. ते काही वर्षे जोरात चालले आणि मूळ लेखकाने हात आखडताच थंडावले. पॉल फ्रेझी यांचा बीकर हा ब्राउझर २०१६चा. माझ्या मते या सर्वांत रसिक कृती हीच होती, कारण त्यात पान वाचणे आणि पान लिहिणे यांत भेदच ठेवला नव्हता : दुसऱ्याचे संकेतस्थळ आवडले तर त्याची नक्कल करून, तीत फेरफार करून, आपले म्हणून ते तेथल्या तेथे प्रसिद्ध करता येई. २०२२च्या अखेरीस तेही काम थांबले. हुआन बेनेट यांचे आयपीएफएस, २०१५ पासूनचे, हे त्यांतल्या त्यात धट्टेकट्टे राहिले. तुर्कस्तानने एप्रिल २०१७ मध्ये विकिपीडिया बंद केला तेव्हा तुर्की विकिपीडियाची एक प्रत त्यावरून वाचता येत होती, आणि त्याच वर्षी कातालोनियातील जनमताच्या वेळीही त्याचा उपयोग झाला. ब्रेव्ह या ब्राउझरने २०२१ साली त्याला आपल्या पोटात जागा दिली आणि २०२४ साली ती काढून घेतली, कारण वापरणारे फारच थोडे निघाले. जे वापरीत होते त्यांतलेही पुष्कळ जण स्वतः वाटेकरी न होता कोणा कंपनीने उघडलेल्या दरवाजातून आत येत. आणि संशोधकांनी या जाळ्यातील यंत्रांची मोजदाद केली तेव्हा त्यांतील फार मोठा भाग क्लाउड कंपन्यांच्याच यंत्रशाळांत नांदत असल्याचे दिसून आले. केंद्र पुढच्या दाराने घालविले, ते मागच्या दाराने आत आले.

असे का झाले? एक कारण यांत्रिक आहे आणि ते भारतात विशेष तीव्र आहे. हा पंथ जन्मला तेव्हा संगणक म्हणजे टेबलावरचा, विजेच्या तारेला जोडलेला, तासन्‌तास चालू राहणारा डबा होता. आपल्याकडे जाल पसरले ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर, आणि पसरले ते खिशातल्या मोबाइलवर. मोबाइल बॅटरी वाचविण्यासाठी पडद्याआडचे काम थांबवितो. जुन्या पद्धतीच्या जोडणीत हजारो ग्राहक कंपनीच्या एकाच सामायिक पत्त्यामागे उभे असतात, आणि बाहेरून कोणी त्यांतल्या एकाच्या यंत्राशी आपण होऊन बोलू म्हटले तर ते घडत नाही. आयपीव्ही-सहा या नव्या पत्तापद्धतीच्या प्रसारात भारत पुढारलेल्या देशांत गणला जातो, त्यामुळे ही अडचण काहीशी ओसरेल. बॅटरीची ओसरणार नाही.

दुसरे कारण नावांचे आहे. चौसष्ट अक्षरांचा पत्ता कोणी पाठ करीत नाही. सुटसुटीत नाव हवे तर ते कोणाचे, हे ठरविणारी नोंदवही हवी, आणि नोंदवही आली की कारकून आला. नेमकॉइनपासून पुढे अनेकांनी कारकुनावाचून नोंदवही चालविण्याचे प्रयोग केले. ते सामान्य वाचकापर्यंत पोहोचलेले नाहीत, एवढे नमूद करून पुढे जातो.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पान वाटले जाते ते कोणीतरी सांभाळले तरच. लोकप्रिय चित्रपटाच्या प्रती हजार यंत्रांवर आपोआप राहतात. परंतु एखाद्या गावच्या दुष्काळाची नोंद, एखादी बोलीतली ध्वनिफीत, एखाद्या उत्खननाचा वृत्तांत शेवटच्या माणसाने आपल्या यंत्रावरून पुसला की पत्ता शाबूत राहतो आणि मजकूर बेवारस होऊन नाहीसा होतो. मध्यवर्ती सर्व्हरचे शंभर दोष मान्य केले तरी त्याचा एक गुण उरतोच : वीजबिल कोणी भरायचे हे तेथे ठरलेले असते. महानुभावांच्या मठात पोथी सांभाळणे हे कोणाच्या तरी अंगावरचे कर्तव्य होते, ते पिढीकडून पिढीकडे जात असे. नव्या जालाने प्रतींची वाटणी करण्याचे शास्त्र पूर्ण केले. कर्तव्याची वाटणी करण्याचे त्याला जमलेले नाही.

महाराष्ट्रात या दिशेने जे प्रयोग झाले त्यांची हकीकत याच निकषावर तपासून पाहण्यासारखी आहे. रायगड जिल्ह्यातील खैरात या वस्तीवरच्या छोट्या शाळेत २००७ साली, ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रांचे वैशिष्ट्य असे की, मधल्या कोणत्याही केंद्रावाचून ती एकमेकांना ओळखीत : पडद्यावर शेजारपाजारची मुले चिन्हरूपाने दिसत, एकाने लिहावयास घेतलेल्या पानावर दुसरा येऊन लिहू शके, आणि दूरच्या यंत्राकडचा निरोप मधल्या यंत्राने पुढे द्यावा अशी योजना होती. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणारे जाल मराठी मुलांच्या हाती आले ते हे. पुढे जगभरच्या अनुभवावरून दिसले की, एकाच खोलीत दाटीने बसलेली यंत्रे एकदम बोलू लागली की रेडिओलहरींचीच कोंडी होते. आणि हळूहळू ती यंत्रे शाळेतल्या एका मध्यवर्ती खोक्याला जोडण्याकडे कल झाला. योजनेचा बोलबाला ओसरला. कल्पना खोटी ठरली असे मात्र मी म्हणणार नाही.

वारणेचा अनुभव याहून बोलका आहे. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील कोल्हापूर-सांगलीकडची सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली मोठ्या गाजावाजाने सुरू झाला आणि चोपन्न केंद्रे उघडली गेली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण असे बरेच काही त्यातून पोहोचावयाचे होते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहणी केली तेव्हा आढळले की, ही यंत्रे प्रामुख्याने ऊसनोंदीच्या हिशेबासाठी वापरली जात आहेत : किती टन ऊस गेला, किती खत उचलले, तोडीचा परवाना केव्हाचा. त्यांनी सात गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाइलच्या लघुसंदेशावर हाच व्यवहार चालवून पाहिला, आणि तो कमी खर्चात सुरळीत चालला. जाळ्याची आकृती केंद्रित की विकेंद्रित, याच्याशी ऊसकऱ्याला कर्तव्य नव्हते. आपल्या वजनाची पावती आपल्या हाती आणि वेळेवर यावी, एवढेच त्याचे मागणे होते.

पालघर जिल्ह्यातील खामलोली आणि भोवतालच्या गावांत मुंबईच्या आयआयटीच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने ‘ग्राममार्ग’ या नावाने केलेले काम तिसऱ्या प्रकारचे. दूरदर्शनच्या ज्या लहरी त्या भागात रिकाम्या पडून असतात त्यांवरून डोंगर-झाडी ओलांडून जाल पोहोचविता येते, हे त्यांनी दाखविले, आणि गावातल्या जाळ्याचा सांभाळ गावानेच करावा असा आग्रह धरला. २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत या कामाला पहिला मान मिळाला; त्याच स्पर्धेत ब्राझीलच्या शेजार-जाळ्यांच्या सहकारी योजनेचाही गौरव झाला. सरकारी भारतनेटची तंतुवाहिनी ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत येऊन थांबते. तेथून वाडीवस्तीपर्यंतचा शेवटचा कोस कोणाच्या मुखत्यारीत राहावा, या प्रश्नाला ग्राममार्गाने दिलेले उत्तर मला अजूनही सर्वांत समंजस वाटते.

आणि या सर्व विद्वत्प्रयोगांच्या आधी व नंतर, कोणाचेही अनुदान न घेता, खेड्यापाड्यांत जे शेजारजाल चालले त्याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. बाजारच्या दिवशी मोबाइलच्या टपरीवर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असे. मेमरी कार्ड द्यावे, दहा-वीस रुपये द्यावेत, आणि दुकानदाराने आपल्या संगणकातून भजने, लावण्या, नवे चित्रपट त्यात भरून द्यावेत. घरी गेल्यावर तेच मग ब्लूटूथने, आणि पुढे शेअरइटने, आळीभर पसरे. ‘तुझ्याकडनं घेतो की’ असे म्हणून दोन पोरे डोक्याला डोके लावून बसली की पाच मिनिटांत चित्रपट एका फोनातून दुसऱ्यात जाई, एक पैचाही डेटा न जळता. त्यातला पुष्कळसा माल चोरीचा होता, हे खरे. पण सर्व्हरवाचून जाल ज्याला म्हणतात ते आपल्याकडे दैनंदिन व्यवहारात उतरले ते याच रूपात, आणि ते टिकले कारण टपरीवाला हा प्रत सांभाळणारा होता आणि त्याचे पोट त्यावर चाले. डेटा स्वस्त झाला तेव्हा टपरीचा तो धंदा आटला. जून २०२० मध्ये शेअरइटसह एकोणसाठ चिनी ॲपांवर बंदी आली.

आता गावाच्या खऱ्या कागदांकडे वळू. कोणता मजकूर या पद्धतीला मानवतो आणि कोणता मानवत नाही, याबद्दल पंथाच्या प्रचारकांनी फारसा विवेक दाखविलेला नाही; सर्वच काही वाटून टाकावे असा त्यांचा सूर असतो. पैशाचा व्यवहार, रेशनच्या धान्याची उचल, एकाच जमिनीची दोघांना विक्री होऊ नये म्हणून घ्यावयाची फेरफाराची नोंद, या बाबींत क्षणाक्षणाचा क्रम महत्त्वाचा असतो आणि तेथे एकच अधिकृत वही असणे श्रेयस्कर आहे. आजारपणाचे कागद, कुटुंबाची माहिती, छायाचित्रे यांची गोष्ट तर उघडच आहे : एकदा दहा यंत्रांवर गेलेली प्रत अकराव्या दिवशी मागे घेता येत नाही, आणि २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसास माहिती पुसून घेण्याचा जो हक्क दिला आहे तो अशा जालात बजावणार कोणावर? उलट, जो मजकूर सार्वजनिक आहे, क्वचित बदलतो, आणि ज्यावर अधिकाऱ्याची स्वाक्षरी आहे, त्याने दूरच्या यंत्राच्या मर्जीवर राहण्याचे कारण नाही.

सातबाराच पाहा. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो, ही जमाबंदी खात्याची कामगिरी लहान नाही. हस्तलिखित उताऱ्यासाठी घातलेल्या खेट्यांची ज्यांना आठवण आहे ते तरी तिला नावे ठेवणार नाहीत. उताऱ्याच्या पायाशी छापलेले असते की, हा डिजिटल स्वाक्षरीचा असल्याने यावर सही-शिक्क्याची गरज नाही, आणि पडताळणी करावयाची असल्यास अमुक संकेतस्थळावर जाऊन तमुक क्रमांक घालावा. या दोन विधानांत एक विसंगती आहे. स्वाक्षरीच्या गणिताचा सारा महिमा असा की, स्वाक्षरी करणाऱ्याची सार्वजनिक किल्ली ज्याच्याजवळ आहे त्याला ती खरी की खोटी हे कोणालाही न विचारता, घोडनदीच्या पात्रात उभे राहूनही, ठरविता यावे. तरीही व्यवहारात बँकेचा कारकून पुन्हा त्याच सर्व्हरकडे पाहतो, आणि तो डाऊन असला की खरा उतारा हातात असूनही कर्ज खोळंबते. आधारकार्डावरील चौकोनी संकेतचित्रात स्वाक्षरी गुंफलेली असून ते जालाशी संबंध न ठेवता तपासता येते. म्हणजे हे तंत्र देशात आहे, सरकारच्याच घरी आहे. ई-पीक पाहणीतही नेटवर्क नसलेल्या शिवारात नोंद फोनात ठेवून ती मागाहून पाठविण्याची तजवीज आहे. एर्नेटची ती जुनी रीत या वाटेने बांधावर परत आली, याचे मला समाधान वाटते.

तेव्हा माझा निर्णय असा. केंद्रावाचून जाल हे सर्वंकष रूपात येणार नाही आणि यावे असेही नाही. परंतु केंद्र झोपले असता गावाचे काम अडू नये एवढी प्रत गावात असणे हे आजच शक्य आहे, आणि त्यासाठी नव्या ब्राउझरची वाट पाहण्याचीही गरज नाही. किविक्ससारख्या साधनाने संपूर्ण मराठी विकिपीडिया एका लहानशा कार्डावर मावतो आणि शाळेतल्या चार भिंतींत जालावाचून वाचता येतो. सांभाळणारा कोण, हाच काय तो प्रश्न. आणि त्याचे उत्तरही इनामगावच्याच शिरूर तालुक्यात शोधता येईल. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून खेड्यातल्या मुलांच्या हाती हत्यारे दिली, आणि २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब ही कार्यशाळा उभी राहिली, ती या विश्वासावर की, जे यंत्र गाव वापरते ते गावाला दुरुस्तही करता यावे. प्रत सांभाळण्याचे काम त्याच जातीचे आहे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी अकरा-बारा हजार ग्रंथालये महाराष्ट्रात आहेत. त्यांना इमारत आहे, ग्रंथपाल आहे, दप्तर आहे, आणि वस्तू सांभाळणे हेच त्यांचे काम आहे. जगातल्या कोणत्याही शेजारजालाला इतके जबाबदार शेजारी आयते मिळालेले नाहीत.

जमाबंदी खात्याने स्वाक्षरीची सार्वजनिक किल्ली प्रसिद्ध करून ती स्वाक्षरी उताऱ्यावरच्या संकेतचित्रातूनच तपासता येईल असे करावे, ही मागणी सरकारकडे करावयाची आहे आणि तिला वेळ लागेल. वाचकांपैकी जे कोणी आपल्या गावच्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर असतील, त्यांनी तेवढा काळ थांबू नये. येत्या वार्षिक सभेच्या कार्यपत्रिकेवर एक विषय घालावा : गावासंबंधीचे कोणते सार्वजनिक कागद आपल्या संगणकात आहेत, त्यांची दुसरी प्रत कोणत्या शेजारच्या ग्रंथालयात आहे, आणि दरवर्षी त्या दोन्ही ताडून पाहण्याचे काम कोणाच्या नावे लिहिले आहे.